विशीतली टेकडी

१६ ऑगस्ट, शनि.
रेवतीच्या लग्नाची तारीख ठरली. ३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी आपल्या पद्धतीचं लग्न, संध्याकाळी वेइ जिएच्या घरच्या चिनी पद्धतीचं जेवण. त्याच्या आईने त्यांच्या पंचांगात पाहिलं, सुनंदाने आपल्या. दोन्हीकडे दिवस चांगला निघाला. दोन पंचांगांचं जमलं म्हणजे माणसांचंही जमेल.

जेवताना रेवती म्हणाली, "बाबा, माझ्या मागे मामाच हवा हं. लिंबूवाला."

लहानपणी गावच्या एका लग्नात तिने पाहिलं होतं. मंगलाष्टकं चाललेली, नवरीच्या पाठीशी तिचा सख्खा मामा उभा, हातात कट्यार, टोकाला लिंबू खोचलेलं. राखणीला. ते तिच्या डोक्यात बसलं आहे. वेइ जिएला इथल्या इंग्रजीत सांगत होती, "ही गार्ड्स मी, लाह." तो म्हणाला, "फ्रॉम हू? मी, आह?" खूप हसलो.

सुनंदा हसली नाही. मला भात वाढत राहिली. तीन वेळा. मी तीन वेळा खाल्ला.

रेवतीला बापूमामाबद्दल एवढंच माहीत: तरुणपणी शेतीखात्याच्या बागेवर नोकरीला होता, तिथे आंब्याची कलमं बांधायला शिकला, आता गावाकडे स्वतःची रोपवाटिका आहे. ती चार वर्षांची असताना त्या नोकरीचं आम्हीच तिला सांगितलं. बाग खरी होती. खातं तुरुंगाचं होतं.

१९ ऑगस्ट, मंगळ.
मॅकफर्सन स्टेशनात मेट्रो बदलताना जपाची माळ खिशात अडकली, दोन मणी सुटले. एक सापडला.

ऑफिसात नवं काम. जेनीने (माझी साहेब, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, डोकं माझ्याहून तिप्पट चालतं) बाहेरच्या एका देशाचे जुने मृत्युतक्ते दिले आहेत. वय, कारण, दशक, असे वेगळे करायचे. आयुर्विम्याच्या कामात हे रोजचंच. पण या वेळी कारणांत एक रकाना वेगळा मागितला आहे: दुसऱ्या माणसाच्या हातून आलेलं मरण. सोबत मारणाऱ्यांच्या वयाचाही तक्ता.

एरवीच्या तक्त्यात शेवटी म्हातारपणाचा डोंगर असतो, तो सगळ्यांनी चढायचा. या रकान्यात डोंगर नाही. विशीच्या आसपास एक टेकडी, आणि मग उतार.

मारणाऱ्यांची रेघ मरणाऱ्यांच्या रेघेवर ठेवून पाहिली. तान्ह्या बाळांचा एक काटा फक्त मरणाऱ्यांत आहे. मारणाऱ्यांची टेकडी जरा उभी, उतार लवकर. बाकी दोन्ही टेकड्या जवळपास एकाच जागी. मला इतकी वर्षं वाटायचं, मारणारे थोराड असतात आणि मरणारे दुबळे. तसं नाही. दोघंही एकाच वर्गात बसू शकतील अशा वयाचे.

बसायचेच. बापू, वसंता आणि मी. एकाच बाकावर, वसंता मध्ये.

२० ऑगस्ट, बुध.
काल लिहून थांबलो होतो. पूर्ण करतो, इतकी वर्षं कुठेच लिहिलेलं नाही.

जत्रेतल्या कबड्डीचा सामना. वसंताचा पाय रेघेबाहेर गेला की नाही यावर वाद. बापू म्हणाला गेला, वसंता म्हणाला नाही. कलिंगडाच्या गाडीवरची सुरी बापूने उचलली. दोघंही वीस वर्षांचे. बापूनेच त्याला ट्रॅक्टरवर घातलं, तालुक्यापर्यंत स्वतःच्या मांडीवर डोकं घेऊन गेला. रस्ता तो तसला. पोहोचेपर्यंत संपलं होतं. मी पंच होतो. मी काय निर्णय दिला असता ते आजही मला माहीत नाही, कारण मी बघतच नव्हतो, जिलबी खात होतो.

चार वर्षांनी सुनंदाशी लग्न केलं. कोणी करत नव्हतं. अण्णा म्हणाले होते, "खुन्याची बहीण आणतोस?" मी म्हटलं, "बहीण आणतोय." एवढंच बोलायचं धाडस आयुष्यात एकदा झालं. पुण्य तिथे संपलं असावं, कारण नंतर पोरीशी वीस वर्षं खोटं बोललो.

२३ ऑगस्ट, शनि.
बापूला फोन. आधी कलमांचं झालं, केशर जोरात आहे. मग मी विषय काढला.

"दाजी, मला न्हाय जमायचं."
"का?"
"इमानात काय करू मी? खिडकी उघडत न्हाय म्हनं."
"लग्नाला ये म्हणतोय, विमानात राहायला नाही."
"माझ्या हातात सुरी अन् मागनं पोरगी उभी... म्हंजे पोरगी पुढं. लोक काय म्हनतील?"
"इथे तुला ओळखतं कोण?"
"मी वळखतो की."

सुनंदाने फोन ओढून घेतला, दादा दादा करत भांडली, रडली, शेवटी रोपांचे भाव विचारून ठेवला.

सुरीचं त्याला भय नाही. कलमाचा चाकू दिवसभर हातातच असतो. भीती मानाच्या जागेची.

२७ ऑगस्ट, बुध. गणेश चतुर्थी
रजा घेतली. शाडूची मूर्ती, वीतभर. वेइ जिए मोदक करायला बसला. त्याच्या कळ्या सुनंदापेक्षा सुबक. "अंकल, सेम अ‍ॅज डम्पलिंग." सुनंदाने तोंड वाकडं केलं, पण पहिला नैवेद्य त्याच्याच मोदकांचा ठेवला.

आरतीनंतर रेवती लॅपटॉप घेऊन बसली. घरातले सगळे ऑनलाइन अर्ज तीच भरते. मामाच्या व्हिसाला काय काय लागेल ते तिने आताच पाहून ठेवलं. पासपोर्ट आहे (तिच्या पदवीदानासाठी तिनेच मागे लागून काढवला होता, तेव्हाही तो आला नाही). फॉर्म वाचून दाखवत होती: नाव, जन्म, व्यवसाय. मग म्हणाली, "एव्हर बीन कन्व्हिक्टेड? हाहा. मामा? नो."

सुनंदा आत गेली. मी निरांजनात तूप घातलं. तूप आधीच भरपूर होतं.

२८ ऑगस्ट, गुरु.
सु. म्हणते, अर्जात 'नाही' लिहू दे. कोण बघायला येतंय.

मी म्हटलं, सरकारच्या कागदावर खोटं नको.

"पोरीला सांगितलं खोटं ते चालतं, सरकारला नको. वा!"

बरोबर बोलली. म्हणूनच राग आला. ऑफिसात दिवसभर टेकडी पाहिली. टेकडीवर नावं नसतात.

३१ ऑगस्ट, रवि.
सांगितलं.

सकाळी बिशान पार्कात फिरायला गेलो, रेवती आणि मी. नदीत पाणमांजरांचं कुटुंब मासे खात होतं, शंभर लोक मोबाइल धरून उभे. अशा ठिकाणी सांगू नये, पण तोंडातून निघालं तेव्हा तिथेच होतो. मामा शेतीखात्यात नव्हता. मग सगळं.

तिने वर धरलेला मोबाइल खाली केला.

"हाउ ओल्ड वॉज ही?"
"वीस."
"आणि तो दुसरा?"
"वीस."
"मी तेवीस आहे, बाबा."
"हो."
"माझ्याहून लहान होते दोघं."

याचा मी असा विचार कधी केला नव्हता. माझ्या डोक्यात ते दोघं कायम माझ्या वयाचे. पंच म्हणून मी त्यांच्यात उभा, तेव्हाही आणि आताही.

मग राग आला तिला. खुनाचा नाही, शेतीखात्याचा. "सगळ्या मँगो स्टोरीज फेक?"

"आंबे खरे आहेत."

ती हसली आणि मग रडली. एक चिनी आजी म्हणाल्या, "डोंट क्राय गर्ल, ऑटर वोन्ट बाइट." घरी आल्यावर आईच्या कुशीत बराच वेळ होती. मी बाहेर पेपर उलटा धरून बसलो.

३ सप्टेंबर, बुध.
रे. तीन दिवस माझ्याशी मोजकं बोलते. आईशी भरपूर. मला ते योग्य वाटतं.

आज डब्यात चिठ्ठी: "कॉलममध्ये येस लिहिणार. मामाला विचारून." म्हणजे मामा अजून हवा आहे.

६ सप्टेंबर, शनि.
वेइ जिएला तिने सांगितलं. तो लगेच आला, बूट काढायच्या आधी म्हणाला, "अंकल, माय पेरेंट्स मस्ट नो." मी म्हटलं, अर्थात.

सुनंदा म्हणाली, मी सांगते. पंचवीस वर्षांत जिने शेजारणीला भावाचं नाव नीट सांगितलं नाही ती म्हणते, मी सांगते. दुपारी पुरणपोळ्या घेऊन त्यांच्या घरी गेली. मी सोबत, ओझ्याला.

त्याच्या आई ऐकून घेत होत्या, कपाळाला आठी. ठरलेलं लग्न मोडतं की काय असं वाटलं. मग विचारलं, "हाउ लॉन्ग ऑलरेडी?"

सुनंदाने सांगितलं, एकोणतीस वर्षं. त्यातली पंधरा आत.

"आय्या. माय ब्रदर दॅट टाइम ऑल्सो एव्हरी नाइट फाइट. बॉटल, चेन, ऑल हॅव. ही लकी, दॅट्स ऑल. नाउ सेल फिश." मग पोळीकडे बोट. "धिस वन स्वीट, आह?"

येताना सुनंदा बसमध्ये एकदम हसायला लागली. "नाउ सेल फिश," म्हणाली, आणि पुन्हा हसली. इतक्या वर्षांत तिला भावाच्या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं.

११ सप्टेंबर, गुरु.
जेनीला तक्ते दाखवले. दशकामागून दशक लावले की टेकडी बुटकी होत जाते. मध्ये एका काळात ती एकदम उंचावली होती, ती पोरं अगदीच कोवळी. मग उतरली. अलीकडच्या वर्षांत शिखर थोडं पुढे सरकलं आहे, वीस ओलांडून. जेनी म्हणाली, "व्हाय?"

मी म्हटलं, तक्ता कारण सांगत नाही. पोरं शहाणी झाली असतील. किंवा ॲम्ब्युलन्स लवकर येत असेल. तोच वार, पण माणूस वाचला तर या रकान्यात येतच नाही.

ती म्हणाली, गुड पॉइंट, लिहा. लिहिलं. तालुक्याचा रस्ता आता चौपदरी आहे. ते लिहिलं नाही.

२१ सप्टेंबर, रवि. सर्वपित्री अमावास्या
अण्णांचं, आईचं पान ठेवलं. बाल्कनीत कावळा नाही, मैना आली. चालवून घेतलं.

बापूचा स्वतःहून फोन. रेवतीने त्याला परस्पर सांगितलं आहे की तिला सगळं ठाऊक आहे, आणि यायचं आहे म्हणजे यायचं आहे. तो हादरलेला. म्हणाला, दर वर्षी याच दिवशी वसंताच्या नावानेही पान ठेवतो. आत असतानाही भाकरीचा तुकडा ठेवायचा. मला आज कळलं.

"दाजी, पोरीनं बोलावलंय. पर मला आधी काकींना इचारावं लागंल."

काकी म्हणजे वसंताची आई. वाडीवर एकट्या असतात, पंच्याहत्तरीच्या पुढे. सुटून आल्यापासून चौदा वर्षं बापू त्या रस्त्याने गेलेला नाही. रोपवाटिकेला जायला लांबचा फेरा घालतो.

"त्या न्हाय म्हनल्या तर न्हाय. पोरीला तुमी समजवायचं."

हो म्हटलं. मग देवापुढे बसलो. काय मागावं कळेना. काकींनी हो म्हणावं हे मागणं बरोबर नाही. त्यांना काय वाटावं हे त्यांचं त्यांना. नुसता बसलो.

४ ऑक्टो., शनि.
हॉल पाहिला. तिथला मॅनेजर तरुण, गोड. कट्यारीचं चित्र दाखवल्यावर चेहरा उतरला. "रीअल वन?" खरी चालणार नाही म्हणाला, फळं कापायची छोटी चालेल, तीही आधी दाखवून. वेइ जिए म्हणे, चॉपस्टिकला लिंबू लावू. सुनंदाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिच्या हातची पिशवी घेऊन पुढे चालू लागला.

बापूचा फोन नाही. पंधरा दिवस होत आले.

१२ ऑक्टो., रवि.
गेला होता. आज सांगितलं. त्याच्याच शब्दांत जमेल तितकं.

काकी अंगणात शेंगा निवडत होत्या. याने पायरीशी उभं राहून नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिसतंय की." बस म्हणाल्या नाहीत. हा उभाच. भाचीचं लग्न सांगितलं, मागे उभं राहायचं सांगितलं. त्या शेंगा निवडत राहिल्या.

मग विचारलं, "किती वय झालं रं तुझं?"
"पन्नासाला एक कमी, काकी."
"केस पिकलं."
"व्हय."
"माझा अजून इसातच हाय."

बापू म्हणाला, "दाजी, तितं मला वाटलं आता जिमीन फाटावी." फाटली नाही. काकी आत गेल्या, चहा घेऊन आल्या. परसातल्या पेरूला फळ धरत नाही म्हणाल्या. याने पेरू बघितला, दोन फांद्या काढल्या, आळं केलं. संध्याकाळ झाली. जा म्हणाल्या नाहीत, जाऊ नको म्हणाल्या नाहीत.

"मग काय समजायचं?" मी विचारलं.
"चहात साकर हुती," बापू म्हणाला.

सुनंदा म्हणते तो हो झाला. रेवती म्हणते, तो हो नाही, पण नाहीही नाही. बापू म्हणतो, पेरूला बहर येईपर्यंत परत परत जायचं आहे, काकींनी खत आणायला सांगितलंय. तिघांचं ऐकलं. पंचाने आता तरी घाईने निर्णय देऊ नये.

मला मात्र तक्त्यातली एक गोष्ट आज कळली. मारणारा टेकडी उतरून जातो. मरणारा तिथेच राहतो.

२० ऑक्टो., सोम. दिवाळी
सुट्टी. वेइ जिएच्या वडिलांनी चकली खाल्ली, दात दुखावला, तरी दुसरी घेतली. लिटिल इंडियात दिव्यांची आरास बघायला गेलो, गर्दीत सुनंदाचा हात धरला. तिने सोडवला नाही. बापू येतो म्हणाला. नव्या पँटचं माप देता देता फोनवर बोलला, शिंपी हसत होता ते इथपर्यंत ऐकू आलं.

१ नोव्हें., शनि.
अर्ज भरला. त्या रकान्यात 'हो'. खाली काय, कधी, किती वर्षं. रेवतीने जोडायचं पत्र स्वतः लिहिलं. मी वाचलं. त्यात शेवटी आहे, की तो वीस वर्षांचा होता आणि आता एकोणपन्नासचा आहे, आणि माझ्या मागे उभं राहायला मला दुसरा कुणी नको. इंग्रजी चांगलं आहे. मी एक स्वल्पविराम घातला, तिने काढला.

८ नोव्हें., शनि.
व्हिसावाल्यांनी जादा कागद मागितला. सुटकेचा दाखला.

बापूला घाबरत घाबरत विचारलं, आहे का कुठे? "हाय की! ल्यामिनेट करून ठेवलाय. दहावीचं सर्टिफिकेट न्हाय मला, हेच एक हाय." रोपवाटिकेच्या पाटीखाली ठेवून काढलेला फोटो आला, कोपऱ्यात त्याचा अंगठा. रेवतीने तसाच पाठवला, अंगठ्यासकट.

१९ नोव्हें., बुध.
पेंडिंग. रेवती रोज सकाळी आणि दुपारी व्हिसाचं पान बघते. मी विचारत नाही, तिच्या बोटांच्या आवाजावरून कळतं.

जेनीने अहवाल पुढे पाठवला. वर माझं नाव घातलं. रेघा स्पष्ट आहेत, म्हणाली. तिला खरं सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. लग्नाला येणार आहे, तेव्हा.

२३ नोव्हें., रवि.
पुण्याहून सुनंदाचा चुलतभाऊ येतोय, तो म्हणाला, व्हिसा नाही झाला तर मी उभा राहतो, मामाच की मी. रेवती म्हणाली, "थँक यू मामा, यू ईट वेल, यू सिट."

सुनंदा माझ्याजवळ म्हणाली, नाही आला दादा, तर रिकामं ठेवणार का पोरीच्या मागे? अपशकुन.

मी म्हटलं, बघू.

२८ नोव्हें., शुक्र.
पेंडिंग. बापू मुंबईत एका नातेवाइकाकडे बॅग भरून बसला आहे, उद्याच्या दुपारच्या विमानाचं तिकीट हातात. रोज एकच विचारतो, तिकडं थंडी हाय का. नाही म्हणतो. तरी स्वेटर भरलाय.

हॉलवर रंगीत तालीम. मॅनेजर पोरगा गुडघ्यावर बसून जमिनीला पांढरी टेप चिकटवत होता, कोण कुठे उभं राहील त्याच्या खुणा. नवरा इथे, नवरी इथे, अंतरपाट धरणारे दोघं, भटजी. उठला, यादी बघितली.

रेवतीने आपल्या खुणेमागे बोट दाखवलं. "वन मोअर हिअर."

"फॉर हू?"

"माय मामा."

"कन्फर्म कमिंग?"

सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी यादीकडे. वेइ जिए टेपचं रीळ घेऊन स्वतःच खाली बसला.

"मार्क फर्स्ट, लाह," रेवती म्हणाली.

वेइ जिएने दोन पट्ट्या फुली मारून लावल्या, अंगठ्याने घट्ट दाबल्या.